पॉपलरचे मतदार आणि त्यांची घरपट्टी

लंडनच्या पूर्व भागात थेम्स नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या आत आणि त्याच्या उत्तरेस पॉपलर, बो आणि ब्रॉम्ली या जुन्या वस्त्या आहेत. जुनी 'सिटी' वगळून उरलेल्या लंडनचे १८९९ च्या कायद्याने अठ्ठावीस बरो करण्यात आले, तेव्हा या तीन वस्त्या मिळून पॉपलर बरो अस्तित्वात आला. बरो म्हणजे स्वतःची लोकनिर्वाचित नगरपालिका असलेला शहराचा विभाग. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे ज्या गोदीत पौर्वात्य माल उतरवीत असत, ती ईस्ट इंडिया गोदी याच विभागात होती. गोदीवरचे काम हे बहुतांशी हंगामी व रोजंदारीचे. जहाज लागले तर हाताला काम, नाही तर त्या दिवशी घरी चूल पेटण्याची भ्रांत. अशा वस्तीत १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये जी निवडणूक झाली, तिची हकीकत सांगितली म्हणजे इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकीत नेमका कशाचा निर्णय होत असतो, हे बरेचसे उलगडते.

प्रथम या निवडणुकीची रीत पाहू. लंडनच्या बरोंमध्ये त्या काळी सर्व सभासदांची निवडणूक दर तीन वर्षांनी, १ नोव्हेंबरच्या सुमारास, एकदमच होत असे. पॉपलरमध्ये निवडून द्यावयाचे सभासद बेचाळीस होते. निवडून आलेले सभासद आणखी सात जणांची 'ऑल्डरमन' म्हणून निवड करीत आणि दरवर्षी एक मेयर निवडीत. मेयर हा आधी निवडून आलेला सभासदच असला पाहिजे, असे बंधन नव्हते. पुढे ज्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात भारत स्वतंत्र झाला, ते क्लेमंट अ‍ॅटली १९१९ मध्ये शेजारच्या स्टेपनी बरोचे मेयर झाले, ते निवडणुकीला उभे न राहताच.

बरोचे लहान लहान वॉर्ड पाडलेले असत व प्रत्येक वॉर्डातून एकाहून अधिक सभासद निवडले जात. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला देता येत. त्यामुळे एखाद्या पक्षाकडे थोडेसे पारडे झुकले, तरी वॉर्डातील सर्वच जागा त्याच्या पदरात पडण्याचा संभव असे. मतदान १८७२ पासून गुप्त पद्धतीने होत होते. मात्र मतपत्रिकेवर निवडणूक-चिन्हे नसत. बैलजोडी, झोपडी, हत्ती यांच्या संगतीत वाढलेल्या आपल्या मतदाराला हे चमत्कारिक वाटेल. पण तेथील मतपत्रिकेवर पक्षाचे नावसुद्धा छापलेले नसे, आणि ही स्थिती १९६९ चा कायदा होईपर्यंत कायम राहिली. आपला उमेदवार कोण, हे मतदाराने नावावरून ओळखून त्यापुढे पेन्सिलीने फुली करावयाची. साहजिकच घरोघर जाऊन नावे मतदारांच्या मनावर ठसविणे, हेच प्रचाराचे मुख्य काम होऊन बसे. खर्चाला १८८४ च्या कायद्याने मर्यादा घातलेली असल्यामुळे हे काम स्वयंसेवकांनी पायी हिंडून करावे लागे.

मतदार कोण, हा प्रश्न याहून महत्त्वाचा होता. युद्धामुळे १९१५ ची निवडणूक झालीच नाही; १९१२ नंतरची पहिली निवडणूक ती १९१९ ची. मधल्या काळात १९१८ चा कायदा आला होता. स्वतंत्रपणे कर भरणाऱ्या अविवाहित किंवा विधवा स्त्रियांना नगरपालिकेचे मत १८६९ पासूनच होते. आता मतदारांच्या तीस वर्षांवरील पत्नींनाही ते मिळाले. दुसरी एक तरतूद फारशी गाजली नाही, पण गरीब वस्तीच्या दृष्टीने ती मोलाची होती. पूर्वी ज्याने दारिद्र्य-निवारणाच्या निधीतून साहाय्य घेतले, त्याचा मताधिकार जात असे. ही अपात्रता आता रद्द झाली. भाकरी मागितल्याबद्दल नागरिकत्वाचा हक्क गमावण्याची शिक्षा अशा रीतीने संपली.

निकाल लागला तेव्हा बेचाळीसपैकी एकोणचाळीस जागा मजूर पक्षाला मिळाल्या. जॉर्ज लॅन्सबरी हे पॉपलरचे मेयर झाले. निवडून आलेल्यांत रेल्वे कामगार होते, गोदी कामगार होते, स्त्रियाही होत्या. यांपैकी कोणालाही या कामाबद्दल वेतन नव्हते. दिवसाचे काम आटोपून मंडळी संध्याकाळी सभेला येत.

येथे आपल्या आणि त्यांच्या पद्धतीतील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने नगरपालिकेची कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती दिली. इंग्लंडमधील बरोमध्ये असा आयुक्त नव्हता. सभासदांच्या समित्याच कारभार चालवीत आणि टाउन क्लार्क हा त्यांचा नोकर असे. सत्ता सभासदांची, तशीच कायद्याची जबाबदारीही सभासदांचीच. पॉपलरकरांना याचा अनुभव लवकरच यावयाचा होता.

नव्या पालिकेने घरे बांधण्याचे, माता व बालके यांच्या आरोग्याचे काम हाती घेतले. १९२० मध्ये तिने आपल्या नोकरांचे किमान वेतन आठवड्याला ४ पौंड ठरविले, आणि तेही स्त्री-पुरुष असा भेद न करता. या सर्वांना पैसा लागतो; आणि बरोचा पैसा म्हणजे मुख्यतः घरपट्टी.

घरपट्टीची आकारणी मालमत्तेच्या वार्षिक भाडेमूल्यावर होई व ती दर पौंडामागे इतके शिलिंग, इतके पेन्स अशी सांगितली जाई. श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये पौंडामागे एक पेनी पट्टी बसविली, तर ३१ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमे. तीच एक पेनी पॉपलरमध्ये सुमारे ३,६०० पौंड देई. उलट बेकारांना व निराधारांना पोसण्याचा भार ज्या त्या विभागावर. जेथे बेकार अधिक तेथे खर्च अधिक आणि उत्पन्न कमी. १९२१ मध्ये मंदी आली आणि हा पेच असह्य झाला. भाडेकरूंच्या बाबतीत ही पट्टी पुष्कळदा भाड्यातूनच वसूल होत असल्यामुळे तिचा बोजा अखेर गोदी कामगाराच्या चुलीवरच पडे.

बरो जी घरपट्टी वसूल करी, ती सगळी तिची स्वतःची नसे. लंडन कौंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि शहराची रुग्णालये चालविणारे मंडळ यांचा वाटाही तीतूनच द्यावा लागे. मार्च १९२१ मध्ये पॉपलरच्या पालिकेने हा बाहेरचा वाटा वसूल न करण्याचे ठरविले. स्थानिक कर आणि गरिबांचे साहाय्य तेवढे चालू ठेवावयाचे, बाकीच्यांना काही द्यावयाचे नाही. हे उघडउघड कायद्याविरुद्ध होते आणि ते त्यांना पुरते ठाऊक होते. कौंटी कौन्सिल न्यायालयात गेली. २९ जुलै रोजी सभासद पॉपलरहून उच्च न्यायालयापर्यंत वाजतगाजत चालत गेले. अग्रभागी पालिकेचा राजदंड होता. न्यायालयाचा हुकूम त्यांनी मानला नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये तीस सभासदांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल अटक झाली. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात आणि पाच स्त्रिया हॉलोवेच्या तुरुंगात. त्यांत लॅन्सबरी यांची सून मिनी होती, पुढे पार्लमेंटमध्ये गेलेल्या सुझन लॉरेन्स होत्या. नेली क्रेसल तर गरोदर होत्या. त्यांना इतरांच्या आधी सोडावे लागले.

गंमत अशी की, पालिका तुरुंगात असली तरी तिचा कारभार थांबविता येत नव्हता. मग ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच पालिकेच्या सभा भरू लागल्या आणि त्यांसाठी स्त्री-सभासदांना हॉलोवेहून मोटारीने आणण्यात येई. शेजारच्या स्टेपनी आणि बेथ्नल ग्रीन या बरोंनीही तोच मार्ग धरण्याचे ठरविले, तेव्हा सरकारला तडजोड करणे भाग पडले. १२ ऑक्टोबर रोजी सभासद सुटले आणि त्याच वर्षी एक कायदा होऊन गरिबांच्या साहाय्याचा मोठा भाग साऱ्या लंडनवर वाटला गेला. मिनी लॅन्सबरी मात्र १ जानेवारी १९२२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारल्या.

मजूर पक्षातही या मार्गाबद्दल एकमत नव्हते. हॅक्नी बरोचे मेयर हर्बर्ट मॉरिसन यांनी त्याला विरोध केला. प्रत्येक पालिका आपल्या मर्जीनुसार कायदा मोडू लागली तर उद्या श्रीमंत बरोही तसेच करतील, ही शंका सहज झटकून टाकण्याजोगी नाही. परंतु पॉपलरकरांच्या बाजूने एवढे म्हणता येते की, वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करून जी करपद्धती बदलली नाही, ती सहा आठवड्यांच्या तुरुंगवासाने बदलली. १९२२ च्या निवडणुकीत लंडनभर मजूर पक्षाची पीछेहाट झाली असतानाही पॉपलरच्या मतदारांनी आपली पालिका त्याच पक्षाच्या हाती ठेवली. त्यानंतर ऑल्डरमन झालेल्यांत म्यूरिअल लेस्टर यांचा समावेश होता. भारतीय वाचकाला हे नाव परके नाही. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी ज्या किंग्जली हॉलमध्ये राहिले, ते याच बाईंनी आपल्या बहिणीसह बो भागात स्थापिले होते.

घरपट्टीचा तंटा मिटला, तरी वेतनाचा मिटला नव्हता. किंमती उतरल्या, अन्यत्र मजुरी घटली, पण पालिकेने ४ पौंडांचे किमान वेतन खाली आणले नाही. सरकारी हिशेबतपासनिसाने त्यातील ५,००० पौंडांचा खर्च अवाजवी ठरवून तो सभासदांच्या अंगावर वैयक्तिकरीत्या बसविला. अपील न्यायालयाने सभासदांची बाजू घेतली. परंतु १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हिशेबतपासनिसाचेच म्हणणे उचलून धरले. वेतन मतदारांना मान्य होते की नाही हा मुद्दाच नाही, ते वाजवी असले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. स्त्रियांना पुरुषांइतके वेतन देण्याच्या धोरणावर एका न्यायाधीशांनी विशेष रोष व्यक्त केला. आज तो वाचताना नवल वाटते.

१९६५ मध्ये पॉपलर, स्टेपनी आणि बेथ्नल ग्रीन हे तिन्ही बरो एकत्र करून टॉवर हॅम्लेट्स हा नवा बरो करण्यात आला. सभासदांच्या अंगावर खर्च बसविण्याचा हिशेबतपासनिसाचा अधिकार मात्र त्यानंतरही पस्तीस वर्षे टिकून होता. तो रद्द करणारा कायदा २००० मध्ये झाला.