पुढच्या काचेवरील चिवट थर
पावसाळी संध्याकाळी मरोळ नाक्यावरून अंधेरी-कुर्ला रस्त्याने जाताना समोरच्या गाडीचा दिवा काचेवर फाकून क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो, तेव्हा दोष पावसाचा नसून, बांधकामांची धूळ, डिझेलची काजळी आणि पुढच्या गाड्यांच्या चाकांनी उडवलेला तेलकट चिखल यांच्या संयोगाने काचेवर जमलेल्या पातळ थराचा असतो. तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून वायपर तो थर पुसत नाही, नुसता फासतो.

प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, कारण कोरड्या फडक्याने वाळूचे कण काचेवर ओरखडे उमटवतात. मग साबणपाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने काच पुसावी, आणि त्याच फडक्याने वायपरची रबरी पट्टीही, जी पुसताना फडक्यावर काळी रेघ उमटते व जिचा बहुतेकांना हमखास विसर पडतो. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे असल्याने त्यांवर समभाग पाण्यात मिसळलेले व्हिनेगर काही मिनिटे ठेवावे. तरीही न हटणाऱ्या डागांसाठी सेरियम ऑक्साइडचा लेप असतो. आतील धुरकट पडदा मात्र, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या बाष्पाचा असतो. तोही अल्कोहोलने निघतो.

बाहेरील काच निर्मळ झाल्याचा दाखला पाणीच देते: जलरोधक लेप नसलेल्या काचेवर ते थेंबाथेंबांनी न तुटता सलग पसरते.