एक पारा, अनेक उन्हाळे

एप्रिल उजाडला की वृत्तपत्रांच्या एका कोपऱ्यात शहरांच्या तापमानाचा तक्ता प्रसिद्ध होऊ लागतो. चंद्रपूर, अकोला, जळगाव, परभणी ही नावे त्यात बहुधा वरच्या ओळींत असतात. पुणे मध्यभागी कोठेतरी असते आणि मुंबई, रत्नागिरी यांचा क्रमांक बराच खाली लागतो. हा तक्ता वाचून नागपूरकर मुंबईकराला विचारतो, 'तेहतीस अंशांना तुम्ही उन्हाळा म्हणता?' त्यावर मुंबईकराचे उत्तर ठरलेले असते, 'एकदा मे महिन्यातल्या दुपारी आमच्या लोकलमध्ये उभे राहून पाहा.' या वादात दोघेही खरे बोलत असतात. खोटा ठरतो तो तक्ता. कारण दोन भिन्न गोष्टी तो एकाच मापाने मोजतो.

मराठी भाषेने मात्र हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. विदर्भात ऊन 'लागते', कोकणात 'उकडते'. ऊन आणि उकाडा हे आपल्याकडे समानार्थी शब्द नाहीत. ऊन बाहेरून अंगावर येते, तर उकाडा आतल्या आत कोंडतो. वैशाखातली झळ आणि पावसाआधीची तलखी यांतला फरक शेतकऱ्याला वेधशाळेने सांगावा लागत नाही. प्रश्न असा की, जो भेद भाषेला कळतो तो शासनाच्या वेळापत्रकांना आणि मजुरीच्या हिशेबाला का कळू नये?

प्रथम या भेदाची कारणे पाहू. कोकणपट्टीवर दुपारी समुद्रावरून वारा येतो. तो पारा फार चढू देत नाही, पण सोबत बाष्प घेऊन येतो. म्हणूनच मुंबईत मे महिन्याचे कमाल तापमान सरासरीने तेहतीस-चौतीस अंश सेल्सियस असते, आणि किमान तापमानही सत्तावीसच्या खाली सहसा उतरत नाही. मुंबईत पारा खऱ्या अर्थाने उसळतो तो मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा जमिनीकडील पूर्वेचे वारे समुद्रवाऱ्याला अडवून धरतात. सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. सह्याद्री ओलांडून देशावर आले की उंचीचा लाभ मिळतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे दिवस तापला तरी रात्र निवते आणि मेमध्ये वळवाच्या सरी दिलासा देतात. विदर्भाला यांपैकी काहीच लाभत नाही. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, उंची बेताची आणि वायव्येकडून येणारे वारे कोरडे व तापलेले. मराठवाडा आणि खानदेश यांचा उन्हाळा याच जातीचा आहे.

आता या दोन उन्हाळ्यांची तुलना कशी करावी? त्यासाठी घरातील माठ हे उत्तम साधन आहे. माठातील पाणी गार होते ते बाहेर झिरपलेल्या पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. हवा कोरडी असेल तर बाष्पीभवन जलद आणि पाणी गार. हवा दमट असेल तर माठ नुसताच ओला राहतो. मानवी देहाची रचना या बाबतीत माठासारखीच आहे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर देहातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे. निथळून खाली पडलेल्या घामाने पाणी आणि मीठ तेवढे जाते, उष्णता जात नाही.

शास्त्रज्ञ तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून जे तापमान मोजतात, ते म्हणजे माठ जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल याचीच मर्यादा होय. हवेचे तापमान ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे ओले तापमान सुमारे २२ अंश भरते. उलट तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते सुमारे २८ अंशांवर जाते. म्हणजे तक्त्यात नऊ अंशांनी खाली असलेले शहर या मापात सहा अंशांनी वर असते! ओले तापमान ३५ अंशांना पोहोचले तर निरोगी माणूसही फार काळ तग धरू शकणार नाही, असे २०१० साली दोघा संशोधकांनी मांडले होते. २०२२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत दमट हवेत देहाचा तोल सुमारे ३१ अंशांपासूनच ढळू लागतो असे दिसले. किनाऱ्यावरील उकाड्याला किरकोळ गैरसोय समजणाऱ्यांनी हे अंतर किती थोडे उरले आहे, ते ध्यानात घ्यावे.

याचा दारुण पुरावा आपल्याला १६ एप्रिल २०२३ रोजी मिळाला. नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभासाठी लाखोंचा समुदाय कित्येक तास उघड्या मैदानावर बसला होता. चौदा माणसे दगावली. त्या दिवशी तेथे पाऱ्याने चाळिशीही गाठलेली नव्हती. तक्त्याच्या हिशेबाने तो महाराष्ट्रातला सौम्य दिवस होता. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार उष्णतेची लाट म्हणण्यासाठी कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश असावे लागते, शिवाय ते सरासरीहून निदान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. प्रदेशपरत्वे निकष बदलला हे योग्यच. परंतु या व्याख्येत दमटपणाला स्थान नाही. २०२३ पासून हवामान खात्याने आर्द्रतेसह उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात देण्यास आरंभ केला, ही स्वागतार्ह सुधारणा होय. तथापि ज्याच्या आधारे शाळा, कचेऱ्या आणि कामाचे फड आपल्या वेळा ठरवितात, तो आकडा अद्याप पाऱ्याचाच आहे.

याचा अर्थ विदर्भाचे ऊन सुसह्य आहे, असा कोणी घेऊ नये. हवा ३५ अंशांहून अधिक तापली की ती त्वचेपेक्षा उष्ण होते. अशा वेळी वारासुद्धा अंगाला चटके देतो आणि घाम हा एकच मार्ग उरतो. उन्हात कष्टाचे काम करणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. तेवढे पाणी त्याला प्यायला मिळाले तर तो वाचतो. म्हणजे कोरड्या उन्हाचा प्रश्न हा अखेर पाण्याचा प्रश्न आहे. किनाऱ्यावर घाम वाळत नाही, तर मराठवाड्यात घामासाठी पाणी पुरत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या शहराचे तापमान हा त्याच्या उन्हाळ्याचा केवळ अर्धाच भाग होता.

उपायांचा खर्चही प्रदेशानुसार बदलतो. विदर्भातील मध्यमवर्गीय घराला कूलर तारतो. तो माठाच्याच तत्त्वावर चालतो आणि त्याला दोनशे वॅटच्या आसपास वीज पुरते. हाच कूलर मुंबईत आणला तर खोलीतला दमटपणा तेवढा वाढवील. तेथे वातानुकूलन यंत्रच हवे, आणि त्याला सहा-सात पट वीज लागते. म्हणून पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या मुंबईच्या कामगाराला उकाड्यावर स्वस्त उतारा उपलब्धच नाही. विदर्भातल्या गरिबाला तो उपलब्ध आहे, पण टाकीत ओतायला पाणी आणि न खंडणारी वीज असेल तरच. इंग्रजी अमदानीत मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी मुक्काम हलवीत. ऋतू चुकविण्याची ऐपत ही तेव्हाही विषमतेची एक खूण होती आणि आजही आहे.

आता वेळापत्रकांकडे वळू. २०२५ साली शिक्षण खात्याने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा संपूर्ण राज्यात एकाच वेळापत्रकाने घेण्याचे ठरविले आणि त्या एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबल्या. शिक्षक संघटनांनी, विशेषतः विदर्भातील, त्याला हरकत घेतली. एकसूत्रतेमागील हेतू वाईट नव्हता. शाळा लवकर ओस पडू नयेत, हे कोणाही शिक्षकाला पटेल. पण या राज्याचा पूर्व-पश्चिम पसारा केवढा आहे? नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशांत सहा अंशांहून अधिक अंतर आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच असले तरी नागपूरचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे पुढे असतो. मे महिन्यात नागपुरात तो माथ्यावर येतो बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, तर मुंबईत साडेबारा उलटून गेल्यावर. शाळा दोन्हीकडे सकाळी एकाच वेळी सुटली, तरी नागपूरच्या मुलाच्या वाट्याला अधिक चढलेले ऊन येते. गंमत अशी की, याच खात्याला हा भेद जूनमध्ये मान्य असतो. २०२५ मध्ये इतरत्र शाळा १६ जूनला उघडल्या आणि विदर्भात २३ जूनला. जे जूनमध्ये समजते ते एप्रिलमध्ये समजण्यास हरकत कोणती?

शाळेचा प्रश्न निदान चर्चेत तरी येतो. त्याहून मोठा प्रश्न कामाच्या तासांचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार १९९५ साली भारतातील एकूण श्रमतासांपैकी ४.३ टक्के तास उष्णतेमुळे वाया गेले. २०३० पर्यंत हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके होईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे कळीचा प्रश्न असा की, हे वाया गेलेले तास कोणाच्या खात्यावर मांडले जातात? मासिक वेतन घेणाऱ्या आपणा प्राध्यापकांच्या, शिक्षकांच्या, कारकुनांच्या खात्यावर ते पडत नाहीत. सत्र सकाळचे झाले तरी आपला पगार तोच राहतो. विटा थापणारा, खडी फोडणारा, नाक्यावर उभा राहून दिवस विकणारा मजूर मात्र जेवढे काम तेवढीच मजुरी घेतो. गोंदिया-गडचिरोलीकडे तेंदूपाने तोडण्याचा हंगाम ऐन एप्रिल-मेमध्ये येतो, आणि तेथे पैसे मिळतात ते पुड्यांच्या संख्येवर. 'दुपारी बारा ते चार उन्हात काम करू नका' ही सूचना अशा माणसाच्या कानी पडते, तेव्हा तिचा अर्थ 'निम्म्या मजुरीवर घरी जा' एवढाच होतो. तो ती पाळत नाही, यात त्याचे अज्ञान नाही; त्याचा हिशेब आहे.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, आणि २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेसंबंधी कृती आराखडा केला. पुढे नागपूरनेही तो मार्ग धरला. या आराखड्यांनी पाणपोया, पूर्वसूचना, रुग्णालयांची सज्जता अशी मोलाची कामे केली आहेत. परंतु अहमदाबादचा नमुना मुंबईला जसाच्या तसा लागू पडणार नाही. कोरड्या प्रदेशात सावली आणि पाणी यांनी बरेच साधते. किनाऱ्यावर वाहती हवा, पत्र्याला पर्याय आणि रात्रीची विश्रांती यांचा विचार आधी करावा लागेल. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची रात्र देहाला उसंत देत नाही, आणि रात्री न निवलेला माणूस दुसऱ्या दिवशी थकूनच कामावर उभा राहतो.

तात्पर्य, तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, किनारपट्टीच्या जिल्ह्यांत सावधगिरीच्या सूचना आर्द्रतेसह मोजलेल्या उष्णतेवर आधाराव्यात. दुसरी, परीक्षा, शाळांच्या वेळा आणि सुट्या ठरविण्याचा अधिकार विभागीय पातळीवर द्यावा. अध्यापनाचे दिवस समान असावेत, तारखा समान असण्याची गरज नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, उष्णतेमुळे काम थांबविण्याचा आदेश निघेल तेथे त्या तासांच्या मजुरीची तरतूद त्या आदेशातच असावी. सार्वजनिक बांधकामांच्या निविदांत उन्हाळ्यातील दरमाप वेगळे धरून याचा प्रारंभ शासनाला स्वतःच्या कामांपासून करता येईल. यामुळे खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च आजही होतोच आहे. फरक एवढाच की, तो मजुराच्या देहावर आणि त्याच्या घरच्या चुलीवर पडतो, अंदाजपत्रकात दिसत नाही.

१९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. ते बहुधा डिसेंबरात, संत्र्यांच्या हंगामात आणि गुलाबी थंडीत भरते. क्वचित, २०१८ प्रमाणे, जुलैत भरले तरी तोवर पाऊस आलेला असतो. राज्यकर्त्यांनी एखादे अधिवेशन मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात तेथे भरवावे आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात पंखा बंद ठेवून मुंबईत एक बैठक घ्यावी. दोन उन्हाळे वेगळे आहेत, हे सिद्ध करण्यासाठी मग कोणत्याही समितीची आवश्यकता राहणार नाही.