किल्केनीच्या बिशपचं पागोटं

भागात या विषयाला जेमतेम दोन मिनिटं मिळाली, म्हणून उरलेलं इथे लिहितेय.

किल्केनीला गेलं की आपण किल्ला बघतो, सेंट कॅनिस कॅथीड्रल बघतो आणि डब्लिनची गाडी पकडतो. मीही दोनदा तेच केलं. तिसऱ्या खेपेला डोक्यात एक चित्र होतं: पायघोळ तुर्की झगा, दाढी आणि डोक्यावर पागोटं. हे रिचर्ड पोकॉक, १७५६ पासून नऊ वर्षं इथले बिशप. चित्र आज जिनिव्हात आहे. ते काढलं ज्यां-एत्येन लिओतार या स्विस चित्रकाराने, १७४० च्या सुमारास, पोकॉक पूर्वेकडे भटकत असताना.

लिओतार कॉन्स्टँटिनोपलला पोचला त्यातही किल्केनीचाच हात. तिथल्या पॉन्सनबी घराण्याचा थोरला मुलगा विल्यम, पुढे बेसबरोचा दुसरा अर्ल, मित्र लॉर्ड सँडविचबरोबर भूमध्य समुद्राच्या सफरीवर निघाला होता. जे दिसेल ते टिपायला फोटोग्राफर हवा, पण साल १७३८! मग त्यांनी लिओतारला बरोबर घेतलं. सफर संपली, हे दोघे परतले, तो मात्र १७४२ पर्यंत तिथेच राहिला. पुढे तुर्की पेहराव करून युरोपभर फिरला आणि ‘तुर्की चित्रकार’ ही ओळखही त्याने आनंदाने मिरवली. (ब्रँडिंग काही आपल्या काळाचा शोध नाही.)

आता खरा प्रश्न. या चित्रकारांना दरबारातलं दिसत काय होतं? जनानखान्यात परक्या पुरुषाला पाऊल टाकता येत नसे. लिओतारच्या सुंदर ‘तुर्की’ बायकांपैकी बऱ्याच जणी प्रत्यक्षात शहरातल्या युरोपीय किंवा ग्रीक घरांतल्या, स्थानिक कपडे घालून बसलेल्या. त्याने कपडे, फरशी, सतरंजी, हातातला कप अगदी निगुतीने टिपलं, त्यावर माझा विश्वास आहे. पण त्यापुढचा जनानखाना, म्हणजे लोळणाऱ्या बायका, वाफाळती हमामं आणि कंटाळलेला सुलतान, पुढच्या शतकातल्या बऱ्याच चित्रकारांनी घरबसल्या रचला. आंग्र कधी इस्तंबूलला गेलाच नव्हता.

दरबार दिसायचा तो वकिलाच्या भेटीच्या दिवशी. लिओतारच्या आधी तिथे जवळजवळ चाळीस वर्षं राहिलेल्या व्हानमूरने अशा भेटी रंगवल्या. भेट शक्यतो यनीचेरी सैनिकांच्या पगाराच्या दिवशी ठेवत, म्हणजे पाहुण्याला पैशांच्या थैल्या आणि फौजेची शिस्त दोन्ही दिसावं. मग जेवण, मग मानाचा झगा. आपल्याकडची खिलत ती हीच. शेवटी दोन्ही दंड धरून सुलतानापुढे नेत. म्हणजे चित्रकाराला ‘गूढ दरबार’ दिसला, पण तो दरबारानेच मांडून दाखवलेला.

दरबाराने स्वतःला कसं रंगवलं ते पाहायला डब्लिन सोडायची गरज नाही. डब्लिन कॅसलच्या आवारात चेस्टर बीटी संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. त्यांच्याकडे १५७९ चं सचित्र हस्तलिखित आहे, सुलतान सुलेमानच्या अखेरच्या वर्षांचा इतिहास, दरबारी इतिहासकार लोकमानने लिहिलेला. त्यात मोहिमा आहेत, भेटी आहेत, सुलेमानची अंत्ययात्राही आहे. अर्थात हीसुद्धा जाहिरातच, फक्त सुलतानाच्या बाजूची. तरी त्यात जो तो आपापल्या हुद्द्याच्या जागी उभा आहे, कोणी लोळत नाही.

हे वाचून आपण तुर्कांची कीव करणार असू तर लंडनच्या टेटमध्ये चक्कर मारावी. तिथे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये दाखवलेलं भलंमोठं चित्र आहे: पुण्याचा दरबार, सवाई माधवराव, आणि १७९० चा तह करणारा मॅलेट. चित्र बेतलंय जेम्स वेल्सच्या रेखाटनांवर. वेल्सने पुण्यात राहून माणसं समोर बसवून काढली, चेहरे बहुतेक खरेच असतील. पण तो भारतात आला १७९१ मध्ये, तहानंतर वर्षभराने.