आकडा मोठा, म्हणून धोका मोठा?

शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आईवडिलांची नजर आधी आयजीई या प्रतिपिंडांच्या आकड्यावर जाते. चाळीस असेल तर धसका, दोन असेल तर हायसं वाटतं. दोन्ही भावना स्वाभाविक असल्या तरी दोन्हींना त्या आकड्याचा आधार नाही. ॲलर्जी असण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. उद्या चुकून दाणा पोटात गेला तर नुसत्या गांधी उठतील की श्वास कोंडेल, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

आयजीई प्रतिपिंडं मास्ट पेशींवर बसलेली असतात. दाण्यातलं प्रथिन त्यांना भिडलं की पेशी हिस्टामिन सोडतात. रक्ततपासणीत मात्र मोजली जातात ती रक्तात मोकळी फिरणारी प्रतिपिंडं. ती नेमकी कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहेत, यावर बरंच अवलंबून असतं. ‘ॲरा एच २’ हे प्रथिन भाजल्यावर आणि पचनातही टिकतं, म्हणून त्याविरुद्धची प्रतिपिंडं खऱ्या ॲलर्जीकडे बोट दाखवतात. ‘ॲरा एच ८’ हे बर्च झाडाच्या परागातल्या प्रथिनाशी मिळतंजुळतं. उत्तर युरोपात त्यामुळे पुष्कळांची तपासणी पॉझिटिव्ह येते, पण त्रास बहुधा तोंडाला खाज सुटण्यापुरताच. प्रथिनवार तपासणीमुळे निदान खूपच नेमकं झालं, यात वाद नाही. त्वचेवरच्या चाचणीतही ८ मिलिमीटरची गाठ उठली की ॲलर्जी जवळपास नक्की मानतात. पण १६ मिलिमीटर म्हणजे दुप्पट धोका नव्हे.

यावर आक्षेप येईल की बेसोफिल चाचणी याच्या पुढे गेली आहे. खरं आहे. या चाचणीत रुग्णाच्या ताज्या रक्तातल्या जिवंत बेसोफिल पेशी दाण्याच्या अर्काला कसा प्रतिसाद देतात, तेच पाहतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा सँटोस यांच्या गटाने दाखवलं की तीव्र आणि सौम्य प्रतिक्रिया असलेली मुलं या चाचणीने बऱ्यापैकी वेगळी काढता येतात. मात्र काही जणांच्या बेसोफिल पेशी प्रतिसादच देत नाहीत. शिवाय ‘तीव्र’ कशाला म्हणायचं, हे ठरतं रुग्णालयात दाणा खायला देऊन केलेल्या चाचणीत: मूल ठणठणीत, डोस कणाकणाने वाढवलेला, पहिलं ठोस लक्षण दिसताच थांबवलेला. लग्नाच्या पंगतीत असं कोणी मोजून वाढत नाही. ब्रिटनमधल्या २०१९ च्या एका प्रयोगात, व्यायाम केला किंवा झोप अपुरी झाली की प्रतिक्रिया सुरू व्हायला लागणारी दाण्याची मात्रा सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. माणूस तोच, ॲलर्जी तीच. प्रतिक्रियेची तीव्रता पोटात किती गेलं, अंगात ताप होता का, दमा आटोक्यात होता का, यांवरही ठरते. सकाळी काढलेल्या रक्तात संध्याकाळची ही परिस्थिती कुठून येणार?

मग ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ बाळगायला लावणं म्हणजे भीतीचा बाजार नाही का? मृत्यू फार विरळ आहेत, हे मान्यच केलं पाहिजे. ते लपवून घाबरवणारा डॉक्टर रुग्णाचं भलं करत नाही. पण अन्नाच्या ॲलर्जीने दगावलेल्यांपैकी अनेकांना आधी सौम्यच त्रास झाला होता, आणि ॲड्रेनलिन द्यायला उशीर हे कारण त्यांच्यात वारंवार दिसतं. ‘सौम्य ॲलर्जी’ असा शिक्का बसला की इंजेक्शन घरी राहतं. म्हणून रिपोर्टवर तीव्रतेचा शेरा मारू नये, असं माझं मत आहे. आयजीईचा आकडा आपल्या हातात नसतो. दम्याचा पंप रोज घेणं असतं, आणि डॉक्टरांच्या भेटीतला जास्त वेळ त्यावर खर्च व्हायला हवा.