जुनें चित्र, नवा पडदा

आमच्या १९८७ सालच्या विवाहाची फीत तबकडीवर उतरविली आहे, कै. मातुश्रींचें चालतें-बोलतें रूप काय तें तीतच उरलें. नव्या संचावर लावली, तों त्यांचा कृश चेहरा रुंद व धूसर दिसूं लागला! कारण उघड आहे. जुन्या चित्रांत ५७६ ओळी, पडद्यावर १०८०. उणीव संच अनुमानानें भरतो. शिवाय ४:३ चें चित्र १६:९ मध्यें ताणलें जातें. आम्हीं प्रमाण पूर्ववत् केलें. ‘शार्पनेस’ बहुतेक उतरविला. तो तपशील वाढवीत नाहीं, कडांभोंवतीं खोटी प्रभा मात्र उमटवितो. पिवळ्या तारेंत रंग व प्रकाश एकत्र कालविले जातात, म्हणून एचडीएमआयची तार जोडली. खुर्च्याही मागें सारल्या. दोहों बाजूंस काळे पट्टे राहिले, ते राहोत. थोरल्या बंधूंनीं फीत पुन्हां लावावयास सांगितली.