दसऱ्याच्या हाराआधी चाकामागे एक नजर

कोल्हापूरहून गगनबावडा 55 किलोमीटर. पावसाळ्यात करूळचा घाट उतरून परत आलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांमागे तांबड्या चिखलाचा जाड थर बसलेला असतो. आपण बाहेरून पाणी मारतो, गाडी लखलखीत होते आणि आपण निर्धास्त होतो. मग काही महिन्यांनी गल्लीतल्या गतिरोधकावर पुढच्या बाजूने ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. रस्ताच खराब आहे, असं म्हणून तो कानाआड करू नये, कारण अशा आवाजामागे बऱ्याचदा झिजलेला बॉल जॉइंट असतो.

खांद्याला उखळीचा सांधा असतो हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. बॉल जॉइंट तसाच आहे. पोलादी पिनच्या टोकाला गोळा असतो आणि तो ग्रीस भरलेल्या वाटीत फिरतो. ही वाटी लोअर आर्मच्या टोकाला असते, तर पिन चाक धरणाऱ्या नकलमध्ये अडकवलेली असते. खड्ड्यात चाक वर-खाली होतं आणि स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे वळतं. या दोन्ही हालचाली हा एकच सांधा सांभाळतो.

वाटीच्या तोंडावर रबराचं टोपण असतं, त्याला बूट म्हणतात. सांध्याचं आयुष्य या बुटावर अवलंबून असतं. तो फाटला की ग्रीस बाहेर येतं आणि पाणी-माती आत जाते. माती उरलेल्या ग्रीसमध्ये कालवली की पॉलिश पेपरसारखी गोळा आणि वाटी घासत राहते. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हा सांधा बंद असतो, ग्रीस भरायला निपल नसते. त्यामुळे झीज सुरू झाल्यावर नवीन ग्रीस भरून ती थांबवता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन आणि वायरिंग सगळेच तपासतात. त्यासोबत हे बूटही पाहायला हवेत.

आवाजाखेरीज आणखी खुणा असतात. गाडी सरळ रेषेत नीट राहत नाही, स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं आणि टायर एका कडेने जास्त झिजतो. पण लिंक रॉड, टाय रॉड एंड किंवा आर्मचे बुश खराब झाले तरी अशाच खुणा दिसतात. म्हणून पार्ट आणण्याआधी तपासणी करावी.

सपाट जागी हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावा. ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांत स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवती असते. अशी गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलावी आणि स्टँडवर टेकवावी. चाक लोंबकळलं की सांध्यावरचा भार जातो आणि ढिलाई दिसते. ज्या जीपवजा गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे मात्र जॅक आर्मखाली लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंग सांधा दाबून धरते आणि खराब सांधाही घट्ट वाटतो.

आता चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा असतो. तसाच राहिला तर बॉल जॉइंटवर संशय घ्या. 9 आणि 3 च्या जागी धरून खेळ लागला तर आधी टाय रॉड एंड पाहा. शेवटी आर्म आणि नकल यांच्यामध्ये पहार घालून हळूच उचकवा आणि विजेरीच्या उजेडात सांधा पाहा. पिन वाटीत वर-खाली होताना दिसली तर निदान पक्कं.

अनेक छोट्या गाड्यांत जॉइंट सुटा मिळत नाही, अख्खा लोअर आर्म बदलतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडलं तर सकाळी काम हलकं होतं. पिन क्लॅम्पमध्ये असेल तर बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. तो पिनच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल करून पिन सुटत नाही. पिन निमुळती असेल तर स्प्लिट पिन काढून नट दोन-चार आटे राहतील इतका सोडावा आणि नकलच्या डोळ्याला बाजूने हातोडा मारावा. पिनच्या टोकावर घाव घालू नये. नकल ॲल्युमिनियमचा असेल तर हातोडा बाजूला ठेवून पुलरच वापरावा. सांधा सुटल्यावर नकल बाहेर ओढला जाऊन ड्राइव्ह शाफ्ट आणि ब्रेकच्या पाइपवर ताण येणार नाही, इकडे लक्ष ठेवा.

नवीन आर्म बसवताना तीन गोष्टी पाळाव्यात. निमुळती पिन आणि तिचं भोक कोरड्या फडक्याने पुसावं, तिथे ग्रीस लावू नये. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळावा, मागे सोडू नये. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. किती आवळायचं तो आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा आणि टॉर्क पान्याने आवळावं. मग अलाइनमेंट करून घ्यावं.

झिजलेला सांधा पूर्ण निसटला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंगचा उपयोग उरत नाही. घाटाच्या वळणावर तसं झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून ‘टक्’ ऐकल्यावर लांबचा प्रवास पुढे ढकलावा.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो. तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि उसाच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर यायच्या असतात. त्या सकाळी हार घालण्याआधी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकामागे विजेरी धरा आणि बुटाला चीर किंवा ग्रीसचा ओघळ आहे का पाहा. मग दुसऱ्या बाजूला वळवून तसंच करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण वर्षभर घरची माणसं याच चाकांच्या भरवशावर फिरणार असतात.