उदगीरची लढाई आणि बार्शी लाईट

1760 साल उजाडलं ते लढायांनीच. 10 जानेवारीला यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. 22 जानेवारीला तमिळ मुलखात वांदिवाशजवळ आयर कूट या इंग्रज सेनापतीने फ्रेंचांच्या लालीला धूळ चारली. आणि 3 फेब्रुवारीला उदगीर-औशाच्या टापूत सदाशिवरावभाऊंनी निजामाला तहाला बसवलं.

यातली बुराडीची लढाई आपल्याला पानिपतामुळे माहीत असते. उदगीरची लढाई शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकते. वांदिवाशला तेवढीही ओळ मिळत नाही. नांदेड-लातूरच्या इतिहासाला वळण कुणी दिलं, असं मला विचाराल तर मी मात्र बोट वांदिवाशकडे दाखवीन. आपल्या दारात झालेली लढाई सोडून हा कुठला दूरचा गाव काढला, असं वाटेल, म्हणून आधी उदगीरचंच बघू.

त्या वेळी निजामाच्या गादीवर सलाबतजंग होता आणि खरा कारभार हळूहळू निजामअलीच्या हातात चालला होता. 1751 पासून या दरबाराचा खांब होता फ्रेंच सरदार बुसी. 1758 मध्ये लालीने इंग्रजांशी लढायला म्हणून त्याला मद्रासकडे बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी इंग्रजांच्या फोर्डने मच्छलीपट्टण घेतलं आणि सलाबतजंगाने इंग्रजांशी तह करून फ्रेंचांचा हात सोडला. त्यातच बुसीच्या तालमीत तयार झालेला तोफखान्याचा जाणकार इब्राहिमखान गारदी निजामाची नोकरी सोडून भाऊंकडे आला. म्हणजे उदगीरच्या आसपास मराठ्यांच्या फौजा घिरट्या घालू लागल्या तेव्हा निजामाची निम्मी ताकद अगोदरच गेलेली होती. त्याला धारूरकडे सरकून कुमक गाठायची होती; औशाच्या अलीकडेपलीकडेच तो कोंडला गेला. दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठाणी आणि साठ लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला.

एवढा मोठा विजय, आणि उदगीरच्या पदरात काय पडलं? जवळजवळ काहीच नाही. भाऊ परतूरला आले, तिथे उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला आणि मार्चमध्ये फौज निघाली. इब्राहिमखान आणि त्याच्या तोफाही गेल्या. वर्ष भरायच्या आत पानिपत झालं आणि निजामाने गमावलेल्या मुलखातला बराचसा पुन्हा गिळायला सुरुवात केली. उदगीरचा किल्ला निजामाकडे राहिला तो 1948 पर्यंत. मराठी सत्तेच्या ऐन भरातल्या विजयाची जागा पुढची जवळपास दोन शतकं मोगलाईत राहिली. निजामाच्या राज्याला आमचे आजे-पणजे मोगलाईच म्हणत.

वांदिवाशचं तसं नाही. तिथे फ्रेंचांचा कणा मोडला. हैदराबादला फ्रेंच कवायतीची पलटण पुढेही काही काळ होती, पण 1798 मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि त्याच साली ती पलटण नि:शस्त्र झाली. तिथून पुढे मोगलाईची नाडी रेसिडेन्सीच्या हातात. लातूर-नांदेडवर इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं, हे आपण अभिमानाने सांगतो. इंग्रजांनाही ते सोयीचंच होतं: खर्च निजामाचा, हुकूम त्यांचा.

हा व्यवहार कसा चाले ते बघायला हदगावकडे जावं लागतं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, पण नोवसाजी नाईक या हटकर सरदाराने मान तुकवली नाही. नाव्ह्याच्या गढीत तो अरब शिपायांसह उभा राहिला. जानेवारी 1819 मध्ये गढीला वेढा पडला आणि महिनाअखेर ती पडली. लढले कोण? रसेल ब्रिगेड. हेन्री रसेल या रेसिडेंटने उभारलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, निजामाच्या पैशाने पोसलेली फौज. या पलटणींच्या सन्मानांत पुढे ‘नाव्हा’ हे नाव कोरलं गेलं. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करी यादीत झळकत होतं आणि नांदेडच्या शाळांत नोवसाजीचं नाव कुणी घेत नव्हतं.

या फौजेचं पुढे हैदराबाद कंटिंजंट झालं. तिचे पगार थकले, थकबाकीचं कर्ज झालं, कर्जावर व्याज चढलं. 21 मे 1853 च्या तहाने निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. ठगांवरच्या कादंबरीने विलायतेत नाव कमावलेला मेडोज टेलर नळदुर्गचा कारभार बघू लागला. 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून 1860 मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड गेलं ते गेलंच. आज विदर्भ आणि मराठवाडा अशी जी दोन नावं अनुशेषाच्या भांडणात समोरासमोर येतात, त्यांच्यातली फारकत पक्की झाली ती या सावकारी हिशेबातून. हदगावची सीमा आजही वऱ्हाडला लागून आहे.

नांदेडचं एक वळण मात्र या सगळ्या साखळीच्या बाहेरचं आहे, आणि जगाच्या हिशेबात ते सर्वांत मोठं. बहादूरशहाच्या स्वारीबरोबर दक्षिणेत आलेले गुरू गोविंदसिंग ऑक्टोबर 1708 मध्ये गोदाकाठी निवर्तले. त्याआधी त्यांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं आणि इथे भेटलेल्या बंदा बहादूरला पंजाबात धाडलं. दोन वर्षांत सरहिंद पडलं. हादरा बसला पंजाबला, नांदेड शांतच. पुढे महाराजा रणजितसिंगांच्या पैशाने 1830 च्या दशकात सचखंड गुरुद्वारा उभा राहिला, तोही निजामाच्या राज्यात. शहराचे रस्ते रुंद झाले ते 2008 मध्ये, गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला. काही वळणं अशी उधारीवर येतात.

आता लातूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत आणि लट्टलूर म्हणजे लातूर असं अभ्यासक मानतात. पण त्या वैभवाचा आणि आजच्या मोंढ्याचा काही धागा जुळत नाही. आजचं लातूर उभं केलं ते अडीच फुटी रुळांनी.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर अरुंद रुळांच्या रेल्वेच्या ध्यासाने पछाडलेला होता. हलके रूळ, एका आसावर पाच टनांचंच वजन, पण डबे भरपूर माल मावणारे, हे त्याचं गणित. 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. 1906 मध्ये पंढरपूर जोडलं गेलं. 1911 मध्ये रूळ इंग्रजी मुलखाची हद्द ओलांडून मोगलाईत लातूरला टेकले. (याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धात विमानातून उडी मारायच्या हवाई छत्र्या केल्या. बार्शी लाईटच्या वेगाने ज्यांनी प्रवास केला, त्यांना या दोन धंद्यांचं नातं लावताना कठीण जाईल.)

लातूरला रेल्वेचं टोक आलं आणि टोकाच्या गावाचं जे होतं ते झालं. चहूकडच्या गाड्या इथे येऊन सुटू लागल्या. औसा, निलंगा, अहमदपूर, रेणापूरचा कापूस, करडई, तूर बैलगाडीने यायची आणि इथून डब्यात चढायची. जिनिंगचे कारखाने आले, आडते आले, कच्छी आणि मारवाडी पेढ्या आल्या. गंजगोलाई त्याच काळातली: फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली गोल इमारत, मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंना फुटलेले 16 रस्ते. कुठे सराफ, कुठे गूळ, कुठे मिरची, कुठे चपला. सकाळी या गोलाईत उभं राहिलं की हमालांच्या हाका, हातगाड्यांचा खडखडाट आणि मिरचीचा ठसका यांतून हे गाव कशावर जगतं ते आपोआप कळतं. औशाला किल्ला होता, उदगीरला किल्ला होता. लातूरला होतं स्टेशन. जिल्हा झाला तो लातूरचा, 1982 मध्ये.

1948 च्या सप्टेंबरमध्ये भारतीय फौजेच्या कारवाईने निजामाचं राज्य संपलं; त्याबद्दल लिहिताना आमच्याकडे हात जरा अडखळतो. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, 1946 मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला मारले गेलेले गोविंदराव पानसरे, उमरीच्या बँकेवरचा धाडसी छापा, रझाकारांनी जाळलेली गावं, हे सगळं खरं आहे आणि दर 17 सप्टेंबरला सांगितलं जातं. त्याच्या पुढचं पान सांगितलं जात नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीला नेहरूंनी पाठवलं होतं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक संहार झाला, असं तिने नोंदवलं. राज्यभर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा तिचा अंदाज होता. लातूर शहराबद्दल अहवाल म्हणतो की इथे वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालली आणि दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरलेले दिसले. मेलेले हजाराच्या वर, बाकीचे पळालेले. बार्शी लाईटमागून आलेल्या कच्छी व्यापाऱ्यांतले अनेक जण त्यांत होते. अहवाल कित्येक दशकं दडलेला राहिला. रझाकारांचे अत्याचार सांगून याची फेड होत नाही आणि हे सांगितल्याने मुक्तिलढ्याला बाधाही येत नाही. दोन्ही याच मुलखात घडलं.

1956 ची भाषावार पुनर्रचना त्या मानाने शाईनेच झाली. नांदेडचा मुधोळ आंध्रात गेला, आदिलाबादचा किनवट इकडे आला. बिदरचे उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठीत आले. सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिल्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुढे पेटला आणि 1978 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. पाटी बदलायला सोळा वर्षं लागली. गावकुसाचं गणित त्यापेक्षा हळू बदलतं आहे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात साडेनऊ हजारांवर माणसं गेली ती 6.2 च्या धक्क्यामुळे, त्याहून जास्त माळवदांमुळे. दोन-तीन फूट जाडीची भिंत, दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये मातीचा भराव. भिंतीला आरपार बांधणारा दगड क्वचितच. वर लाकडी सरे, त्यावर माती. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरसाल थोडी माती वर पडायची, पिढ्यान् पिढ्या. उन्हाळ्यात गार ठेवणारं हेच ओझं खाली आलं. दख्खनचं पठार स्थिर, असं तोवर मानत. नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या मानकात तो विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्यात गेलं. 52 गावं उठून नव्या जागी बसली: सरळ रस्ते, काटकोनी गल्ल्या, काँक्रीटचं छत.

बार्शी लाईट 1954 मध्ये सरकारजमा झाली. 2007-08 मध्ये उस्मानाबादचा वळसा घेऊन तिच्या जागी रुंद रूळ आले. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरच्या शिकवण्यांना आलेली पोरं घरी परतू लागली, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली: 10 वाघिणी, पाच लाख लिटर. बार्शी लाईट 1927 मध्ये मिरजेपर्यंत पोचली होती. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा पाण्याचा मार्ग जवळजवळ कॅलथ्रॉपच्याच कंपनीने आखलेला. शंभर वर्षं या वाटेने लातूरचा माल बाहेर गेला होता. आता दुसऱ्याच्या नदीचं पाणी तिच्यावरून आत येत होतं. मोंढ्यात त्या वर्षी ऊस किती लावायचा यावर वाद झाला. त्याच पावसाळ्यात पाऊस बरा झाला आणि शिवारात पुन्हा ऊस उभा राहिला.